दोन फुटी खाऱ्या टाकीतली वाळू कोण साफ करणार?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरगुती मरीन टाकीवरचा लेख वाचला. खाऱ्या पाण्यातल्या मत्स्यपालनावर मराठीत फारसे कोणी लिहीत नाही, म्हणून आधी आभार. पण लेखातल्या 'वाळू स्वच्छ ठेवणारे प्राणी' या चौकटीत दोन फुटी टाकीसाठी एक स्टारफिश, एक वाळू चाळणारा गोबी मासा आणि एक समुद्रकाकडी असा संच सुचवला आहे. या तिघांपैकी पहिले दोन त्या टाकीत उपासमारीने मरतील आणि तिसरी घरात बाळगणे हा गुन्हा आहे. असे संच दुकानदारही राजरोस सुचवतात, त्यामुळे थोडे सविस्तर लिहितो आहोत.

आधी टाकीचा हिशेब. दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी काठोकाठ भरली तर साडेछपन्न लिटर होते. वरची रिकामी जागा, दगड आणि वाळू वजा केली की हाती खरे पाणी ४०-४५ लिटर उरते. तळाचे क्षेत्रफळ दोन चौरस फूट. त्यावर दगड रचले की उघडी वाळू सव्वा चौरस फुटाच्या आसपास राहते. वाळूवर जगणाऱ्या प्राण्याला टाकी किती लिटरची आहे याच्याशी काही देणेघेणे नसते. त्याचे पोट त्या सव्वा चौरस फुटावर भरायचे असते. ही गोष्ट ध्यानात घेतली की निम्मी यादी आपोआप बाद होते.

वाळूही नीट निवडावी लागते. अर्धा ते एक मिलिमीटर दाण्याची ॲरागोनाइट (कॅल्शियम कार्बोनेटची) वाळू सर्वांत सोयीची. तीन सेंटिमीटरचा थर द्यायला या टाकीत साधारण आठ किलो लागते. प्रवाळाचा जाड चुरा (तीन ते पाच मिलिमीटरचा) स्वस्त मिळतो आणि दिसतोही छान, पण त्याच्या फटींतून उरलेले अन्न थेट खाली जाते आणि पुरून राहणाऱ्या गोगलगायींना त्यात धड घुसता येत नाही. उलट पिठासारखी बारीक वाळू पंपाच्या झोताने उडते आणि पाणी कायम गढूळ राहते. चौपाटीवरची वाळू फुकट असली तरी आणू नये. मुंबईच्या वाळूत सांडपाणी मुरलेले असते, तर रत्नागिरीकडच्या काळ्या वाळूत लोहखनिजांचे कण असतात. ते काच पुसायच्या चुंबकाला चिकटतात आणि काचेवर ओरखडे पडतात.

आता 'घाण वाळू' म्हणजे नेमके काय, ते पाहू. इथेच बहुतेकांचा घोटाळा होतो आणि भलताच प्राणी घरी येतो. नव्या टाकीत दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वाळूवर तपकिरी, भुकटीसारखा थर चढतो. ते डायाटम, म्हणजे सूक्ष्म एकपेशीय शेवाळ. नळाच्या पाण्यातल्या आणि नव्या वाळूतल्या सिलिकेटवर ते वाढतात आणि सिलिकेट संपले की महिना-दोन महिन्यांत आपणहून ओसरतात. टाकीचे पाणी आरओचे असेल तर आणखी लवकर. किरमिजी-लाल, बुळबुळीत, कातड्यासारखी सोलून निघणारी चादर दिसली तर ते सायनोबॅक्टेरिया, म्हणजे प्रकाशावर वाढणारे जिवाणू. ते हमखास फस्त करणारी गोगलगाय बाजारात नाही; पाण्याचा प्रवाह वाढवणे, खाद्य कमी करणे आणि नळीने ओढून काढणे एवढेच उपाय. तिसरा प्रकार वाईट. दिवसा तपकिरी शेंबडासारख्या तारा, त्यांत हवेचे बुडबुडे, आणि रात्री दिवे बंद असताना जवळजवळ गायब. हे डायनोफ्लॅजेलेट नावाचे सूक्ष्म एकपेशीय जीव. नायट्रेट आणि फॉस्फेट अगदी शून्यावर आले की त्यांचे फावते. त्यांतल्या काही जाती विषारी असतात आणि त्या खाऊन गोगलगायी पटापट मरतात. अशा वेळी 'आणखी सफाईवाले' आणून सोडणे म्हणजे पैसे पाण्यात. चौथी घाण साधी असते, उरलेले खाद्य आणि माशांची विष्ठा. प्राण्यांची खरी मदत होते ती इथे आणि काही अंशी डायाटमपाशी.

लहान टाकीसाठी आमची पहिली पसंती नॅसारियस गोगलगायीला. ही वाळूत पूर्ण पुरून बसते आणि हत्तीच्या सोंडेसारखी एक बारीक नळी तेवढी वर ठेवते. टाकीत कोळंबीचा तुकडा पडला की दोन-चार मिनिटांत वाळू ठिकठिकाणी फुगते आणि या गोगलगायी बाहेर येऊन वासाच्या दिशेने निघतात. त्यांच्या या ये-जा करण्यानेच वाळूचा वरचा थर हलता राहतो. मात्र ती मांसाहारी आहे, शेवाळाला तोंड लावत नाही. त्यामुळे हिरव्या किंवा तपकिरी थरासाठी नॅसारियस आणून 'काम करत नाही' अशी तक्रार करण्यात अर्थ नाही. दोन फुटी टाकीला लहान जातीच्या तीन पुरेत, फार तर चार. मासे एक-दोनच असतील आणि खाद्य उरत नसेल तर दोन-तीन दिवसांआड मुगाच्या दाण्याएवढा कच्च्या कोळंबीचा तुकडा वाळूवर टाकावा लागतो. मीठ-हळद लावलेली कोळंबी चालणार नाही. काचेवर बारीक पारदर्शक पिशव्यांची रांग दिसली तर घाबरू नये, ती तिची अंडी. पिल्ले पाण्यात तरंगत्या अवस्थेत असतात, त्यामुळे घरगुती टाकीत बहुधा जगत नाहीत.

फसवणूकही सर्वाधिक याच गोगलगायीच्या नावाने होते. अमेरिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावरची चिखलातली गोगलगाय, इलियानासा ऑब्सोलेटा, नॅसारियस म्हणून विकली जाते. ती थंड पाण्याची. आपल्या २६-२७ अंशांच्या टाकीत हळूहळू मरते. ओळखायची खूण अशी. काचेवर चढलेली गोगलगाय मागून पाहावी. खऱ्या नॅसारियसच्या पायाच्या मागच्या टोकाला दोन बारीक तंतू असतात, शेपूट दुभंगल्यासारखे. चिखलवालीला ते नसतात आणि तिच्या शंखाचे टोक बहुधा झिजलेले, खरबरीत असते. आपल्याकडच्या किनाऱ्यावरचे छोटे शिकारी शंखही याच नावाने खपवले जातात. ते इतर गोगलगायी आणि शिंपले खातात. दुकानदाराला शास्त्रीय नाव विचारावे. सांगता आले नाही तर घेऊ नये.

दुसरी पसंती सेरिथ. लांबट, निमुळत्या, मळखाऊ रंगाच्या या गोगलगायीकडे गिऱ्हाईक वळूनही पाहत नाही, पण कामाला हिच्याइतकी पक्की दुसरी नाही. रात्री बाहेर पडते, वाळूच्या वरच्या थरातून नांगरत जाते, डायाटम, शेवाळाचा पातळ थर आणि कुजका गाळ खाते आणि काच व दगडांवरही चढते. उलटी पडली तरी सहसा आपली आपण सरळ होते. हा गुण लहान वाटेल, पण ॲस्ट्रिया जातीची गोगलगाय वाळूवर पाठीवर पडली की तिला उलटता येत नाही, दोन दिवसांत ती मरते आणि ४५ लिटर पाण्यात तिचा अमोनिया सगळ्यांना भोवतो. सेरिथ लहान आकाराच्या चार-पाच घ्याव्यात. थर संपला की काचेला चिकटवलेला बिनमिठाच्या नोरीचा, म्हणजे सुशीला लागणाऱ्या वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा, पोस्टाच्या तिकिटाएवढा तुकडा आठवड्यातून एकदोनदा पुरतो.

तिसरे सफाईवाले विकत मिळत नाहीत: स्पॅगेटी वर्म व ब्रिसल वर्म हे किडे आणि ॲम्फिपॉड हे कोळंबीसारखे चिमुकले जीव. वाळूच्या आतला गाळ खरा कोणी खात असेल तर हेच. परदेशात हे 'लाइव्ह रॉक'बरोबर, म्हणजे समुद्रातून आणलेल्या जिवंत जीव असलेल्या प्रवाळाच्या दगडाबरोबर येतात. आपल्याकडे प्रवाळ संरक्षित असल्याने समुद्रातून उचललेला असा दगड घेऊ नये, टाकी कोरड्या कृत्रिम दगडावर सुरू करावी. मग किडे कुठून आणायचे? ओळखीच्या कुणाची वर्ष-दोन वर्षे चाललेली निरोगी टाकी असेल तर तिच्यातली वाटीभर ओली वाळू मागून घ्यावी आणि लगेच आपल्या वाळूवर पसरावी. आधी एक विचारून घ्यावे, त्या टाकीत कधी तांब्याचे औषध वापरले होते का. असेल तर ती वाळू नको. तांबे वाळूत आणि दगडांत मुरते आणि बिनकण्याच्या प्राण्यांना मारते. रात्री टॉर्च मारून पाहिल्यावर दगडाखालून गुलाबी-तपकिरी किडा डोकावताना दिसला की पुष्कळ जण चिमटा घेऊन धावतात. त्याला राहू द्यावे. फक्त हाताने धरू नये, त्याचे केस बोटात काचेच्या लोकरीसारखे रुततात.

आता लेखातल्या त्रिकुटाकडे. वाळू चाळणारा स्टारफिश, ॲस्ट्रोपेक्टेन, खरोखर वाळूत हिंडतो, पण तो खातो काय? वाळूतले किडे, छोटे शिंपले, गोगलगायी. म्हणजे वर ज्यांना मुद्दाम आणायला सांगितले तेच. सव्वा चौरस फुटातला हा साठा तो काही आठवड्यांत संपवतो आणि मग महिनोन् महिने रोडावत जातो. बाहेरून काही कळत नाही. पहिली खूण दिसते तेव्हा भुजांची टोके झडायला लागलेली असतात आणि तोवर उशीर झालेला असतो. चारशे लिटरच्या आत हा प्राणी नकोच.

गोबीचेही तेच. व्हॅलेन्सिएनिया गटातले मासे तोंडाने वाळू उचलतात आणि कल्ल्यांतून गाळतात. बघायला मजा येते, वाळू पांढरीशुभ्र दिसते. पण वाढ पूर्ण झाल्यावर पंधरा-वीस सेंटिमीटरचा हा मासा दोन फुटी टाकीत अडकतो, दगडांवर वाळूचे ढीग करतो, वाळूतले खाद्य संपले की पोट आत जाते आणि वर जाळी नसेल तर एके रात्री उडी मारून जमिनीवर सापडतो. गोबी हवाच असेल तर पिवळा वॉचमन गोबी दहा सेंटिमीटरच्या आत राहतो आणि समोर टाकलेले खातो. तो वाळू साफ करत नाही. बिळाभोवतीची उकरतो, इतकेच.

समुद्रकाकडी. जीवशास्त्राच्या दृष्टीने वाळू गिळून स्वच्छ करण्यात हिचा हात कोणी धरणार नाही. पण २००१ साली सगळ्या समुद्रकाकड्या १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) अधिनियमाच्या पहिल्या अनुसूचीत समाविष्ट झाल्या. ज्या अनुसूचीत वाघ आहे तीच ही. पकडणे, विकणे, बाळगणे, सगळेच गुन्हा. कायदा बाजूला ठेवला तरी लहान टाकीत ती धोक्याचीच: उपाशी राहून आकसते, पंपाच्या तोंडात ओढली जाते, आणि जखमी झाली किंवा मेली की काही जातींच्या अंगातून होलोथुरिन नावाचे विष पाण्यात सुटते. ४५ लिटरमधले मासे त्यात काही तासांत जातात. त्याच वर्षीच्या यादीत मोठा ट्रोकस निलोटिकस आणि लॅम्बिसच्या काही जातीही आल्या, हे शंख विकत घेणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे.

फायटिंग काँक या शंखाबद्दल हल्ली बरीच विचारणा होते. प्राणी उत्तम, सोंड फिरवत वाळूवरचे शेवाळ खातो. पण तो आठ-दहा सेंटिमीटरचा होतो आणि त्याला एकट्याला दोन-अडीच चौरस फूट उघडी वाळू लागते. आपल्या टाकीत ती नाही. स्ट्रॉबेरी काँक पाच-सहा सेंटिमीटरवर थांबतो. सहा महिने जुन्या, कमी दगडांच्या टाकीत एखादा चालेल, तोही नोरी देत राहिलात तर. शंखातल्या खेकड्यांविषयी एवढेच की ते नव्या शंखासाठी गोगलगायीला मारतात. रिकामे शंख टाकून ठेवले तरी मारतात. किनाऱ्यावरून तर काहीच उचलून आणू नये, आणि कोनाच्या आकाराचा शंख जिवंत असेल तर हातही लावू नये. कोन शंखाचा दंश माणसालाही भारी पडू शकतो.

'दर चार लिटरला एक गोगलगाय' हा ठोकताळा अमेरिकेतून आला आहे. तो आपल्या टाकीला लावला तर अकरा-बारा गोगलगायी होतात. डायाटमच्या भरात त्या तगतात, थर संपला की एकेक मरू लागतात. त्यापेक्षा टाकीतला अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येऊन तपकिरी थर दिसू लागल्यावर दोन नॅसारियस आणि तीन सेरिथ सोडाव्यात, महिनाभर वाट पाहावी आणि मगच वाढवाव्यात. दुकानात काचेला घट्ट चिकटलेली निवडावी. स्पर्श केल्यावर झटकन आत जाऊन दार लावणारी चांगली, तळाशी उताणी पडलेली नको.

घरी आणल्यावर घाई करू नये. पुष्कळ दुकानांत पाण्याची घनता १.०१८ ते १.०२० ठेवतात. त्याने मीठ वाचते आणि माशांवरचे परजीवी आटोक्यात राहतात. आपली टाकी १.०२५ वर असते. माशाला हा फरक एक वेळ सोसवतो, गोगलगायीला नाही. पिशवीतले पाणी भांड्यात घेऊन हवेच्या बारीक नळीला गाठ मारून सेकंदाला दोन-तीन थेंब असे तास-दीड तास टाकीचे पाणी सोडावे आणि रिफ्रॅक्टोमीटरवर (खारेपणा मोजायच्या उपकरणावर) दोन्ही आकडे जुळले की गोगलगाय टाकीत ठेवावी. भांड्यातले पाणी टाकीत ओतू नये. रिफ्रॅक्टोमीटर ३५ पीपीटीच्या (हजार भागांत ३५ भाग मीठ) द्रावणाने जुळवलेला असावा. नुसत्या साध्या पाण्याने शून्य जुळवले तरी वरच्या टोकाला चूक राहू शकते.

यानंतर जे मरते ते बहुतेक वेळा बाष्पीभवनाने. एप्रिल-मे महिन्यांत पाण्यावर पंखा लावला तर या टाकीतून दिवसाला लिटरभर पाणी सहज उडते. मीठ मात्र आतच राहते. ४५ लिटरला ३५ पीपीटी असेल तर एक लिटर उडाल्यावर ३५.८ आणि तीन दिवस भर घातली नाही तर साडेसदतीस. मग घाईघाईने तीन लिटर गोडे पाणी ओतले की उलटा धक्का बसतो. भर रोज घालावी, आरओच्या गोड्या पाण्याची. पंख्याने तापमान दोन-तीन अंश उतरते ते पाणी उडते म्हणूनच. त्यामुळे पावसाळ्याच्या दमट हवेत पंखा फिरत राहतो आणि तापमान हलत नाही. तेव्हा दिव्याचे तास कमी करावेत.

नॅसारियस खाद्य नसताना सगळ्याच्या सगळ्या वाळूबाहेर येऊन पाण्याच्या रेषेपाशी चढल्या असतील तर ते कौतुकाने बघत बसायचे दृश्य नव्हे. वाळूतला प्राणवायू कमी झाला आहे. वीज गेल्यावर हे आधी त्यांना कळते, माशांना मागाहून. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असावा. वीज असताना असे झाले तर कुठे काही मरून कुजते आहे का ते शोधावे. गोगलगायींची मोजदाद खाद्य टाकल्यावरच करता येते, आठवड्यातून एकदा करावी. एक कमी भरली तर शंख शोधून वास घ्यावा. मेलेल्या गोगलगायीचा वास ओळखायला शिकवावे लागत नाही.

आणि हे सगळे आणूनही वाळू आपल्यालाच साफ करायची असते. आठवड्याला चार-पाच लिटर पाणी बदलताना दहा-बारा मिलिमीटर व्यासाच्या नळीने उघड्या वाळूचा एक चतुर्थांश भाग, वरचा सेंटिमीटरभर थर, ओढून घ्यावा. पुढच्या आठवड्यात पुढचा भाग. नळी बोटाने दाबत-सोडत गेले की गाळ जातो आणि वाळू मागे पडते. सगळी वाळू एकदम ढवळली तर अडकलेला गाळ आणि खाली काळे पट्टे असतील तर सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड एकदम पाण्यात येतो. दगडांच्या मागची घाण औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या ५० मिलीच्या सिरिंजने पाण्याचा झोत मारून उडवावी. टाकीतल्या पंपांचा एकूण प्रवाह ताशी ९०० ते १३०० लिटर असावा आणि तोंड वाळूकडे नव्हे, समोरच्या काचेकडे किंचित वर. गोठवलेले खाद्य चहाच्या गाळणीत धुऊन घालावे. वितळल्यावर सुटणारे पाणी टाकीत गेले की फॉस्फेट वाढते. हे जमले तर पाच गोगलगायी पुरतात. हे जमत नसेल तर पन्नासही पुरणार नाहीत.

आपल्याला विनंती एवढीच की पुढच्या रविवारी निदान समुद्रकाकडीपुरता खुलासा छापावा. लेख वाचून कुणी ती घेतलीच असेल तर त्याने ती खाडीत किंवा चौपाटीवर सोडायला जाऊ नये. महाराष्ट्र वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवून पुढे काय करायचे ते विचारावे. नको झालेल्या परदेशी गोगलगायीही समुद्रात सोडू नयेत, दुसऱ्या टाकीवाल्याला द्याव्यात.

आपले,
मरीन टाकी बाळगणारे काही वाचक,
ठाणे व डोंबिवली